तंबोऱ्याची जवारी आणि कारागिराची मजुरी

कारागिरीसंबंधी मराठीत जे लेखन झाले आहे ते वाचताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. लेखक एक तर कारागिराच्या दैन्याविषयी लिहितो, नाही तर त्याच्या हस्तकौशल्याविषयी. पहिल्या प्रकारात कारागीर हा अर्थव्यवस्थेतील एक घटक असतो, दुसऱ्यात तो संस्कृतीचे भूषण असतो. परंतु ज्या निर्णयांच्या बळावर एक वस्तू उत्तम आणि दुसरी बेताची ठरते ते निर्णय हा माणूस कसे घेतो, आणि त्या निर्णयांचे त्याला काही मोल मिळते की नाही, हा प्रश्न दोन्ही प्रकारांत बहुधा अनुत्तरित राहतो. काव्याचा विचार करताना कवीच्या प्राप्तीची चौकशी आपण गौण मानतो. कारागिराच्या बाबतीत नेमके उलट घडते : त्याच्या प्राप्तीची चौकशी होते आणि त्याच्या कृतीची समीक्षा होत नाही. मिरजेच्या तंतुवाद्यनिर्मितीच्या आधारे या दोन चौकशा एकत्र करून पाहाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या व्यवसायात कृतीचा खरा गुण एका ठिकाणी असतो आणि तिची किंमत दुसऱ्याच ठिकाणी ठरते. ही फारकत कशी होते हे पाहिल्यावाचून हस्तव्यवसायावर निर्वाह करणाऱ्या कलावंताविषयी काही निश्चित बोलता येईल असे वाटत नाही.

ज्या प्रदेशाचा येथे विचार करावयाचा आहे त्याची शासकीय ओळख अलीकडची आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग जुन्या सातारा जिल्ह्यात मोडत असे. सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचा सुपीक पट्टा, पूर्वेकडील माण-जतचा अवर्षणाचा टापू आणि मधूनमधून पसरलेली संस्थानांची ठिगळे अशी ही भूमी आहे. संस्थानांच्या राजधान्या लहान, पण त्यांच्या हौशी मोठ्या; त्यामुळे गवई, कीर्तनकार, चित्रकार यांना दहा-वीस मैलांच्या अंतरात दोन-तीन आश्रयदाते सापडत. हे ध्यानी घेतल्याशिवाय मिरजेसारख्या गावात सतार आणि तंबोरा घडविण्याचा उद्योग का रुजला याचा उलगडा होत नाही. (सतार आणि सातारा या शब्दांच्या साम्यावरून काही अनुमान काढण्याचा मोह कोणास झाल्यास तो आवरावा. सतार हा शब्द फारसी ‘सेहतार’ म्हणजे तीन तारांचे वाद्य यावरून आला आहे. गावाच्या नावाशी त्याचा संबंध नाही.)

या उद्योगाची मिरजेत सांगितली जाणारी उत्पत्तिकथा प्रसिद्ध आहे. तलवारी, भाले, जंबिये यांना धार आणि झिलई देणारे शिकलगार तेथे होते. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर शस्त्रांचे काम सरले. मिरजेच्या दरबारी उत्तरेकडून येणाऱ्या गवयांची आणि वादकांची वाद्ये प्रवासात मोडत, दुरुस्तीस जवळपास कोणी नसे; अशा वेळी फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम अंगावर घेतले आणि दुरुस्तीवरून ते निर्मितीकडे वळले. हा काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा मानला जातो. त्यांच्या घराण्याचा आणि शिष्यशाखांचा विस्तार होऊन मिरजेत एक गल्लीच्या गल्ली या धंद्याने भरून गेली. पुढे या कुटुंबांनी आडनावही बदलले. शिकलगार हा शब्द अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई यापासून फारसी प्रत्यय लागून झालेला. त्याच्या जागी ‘सतारमेकर’ हे अर्धे देशी आणि अर्धे इंग्रजी नाव आले. आडनावांच्या अभ्यासकाने या बदलाची दखल घ्यावयास हवी. जुन्या नावात जन्म आणि धंदा एकच होते. नवे नाव स्वतः पत्करलेल्या धंद्याचे आहे आणि ते गिऱ्हाइकाला समजावे म्हणून घेतलेले आहे. पेढीवरची पाटीच जणू कुळाचे नाव झाली.

ही कथा सांगणारे बहुधा तिचा शेवट एका सुभाषितवजा वाक्याने करतात : हिंसेचे शस्त्र टाकून हातांनी संगीताचे साधन उचलले. हे वाक्य गोड आहे, परंतु ते कथेतील महत्त्वाचा भाग झाकून टाकते. शिकलगाराच्या अंगी कोणते कौशल्य होते? पृष्ठभाग घासून तो किती सपाट आणि कोठे किंचित गोल करावयाचा याचा अंदाज, हे ते कौशल्य होय. तलवारीच्या पात्याची कड आणि तंबोऱ्याच्या घोडीची पाठ ही दोन्ही कामे कानशीची आहेत आणि दोन्हीत चूक केसाच्या जाडीने मोजली जाते. फरक इतकाच की पात्याची परीक्षा बोटाला आणि डोळ्याला होते, घोडीची परीक्षा कानाला होते. हाताचे शिक्षण तयार होते; कानाचे शिक्षण मात्र त्यांना नव्याने मिळवावे लागले, आणि ते ज्यांची वाद्ये दुरुस्तीस येत त्या गवयांच्या टीकेतूनच मिळाले असले पाहिजे. या दुसऱ्या शिक्षणाचा उल्लेख उत्पत्तिकथेत कोठेही येत नाही.

हस्तव्यवसायाच्या विचारात ज्या दोन ग्रंथांचा आधार आपल्याकडे घेतला जातो त्यांच्या कसोटीवर हे उदाहरण लावून पाहण्याजोगे आहे. आनंद कुमारस्वामी यांचा हिंदी कारागिरावरील छोटा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातील कारागीर, नगरातील श्रेणीबद्ध कारागीर आणि राजाश्रयाखालील कारागीर असे तीन वर्ग ते कल्पितात, आणि वंशपरंपरेने लाभलेल्या स्थैर्यामुळे या माणसाला बाजारातील चढाओढीची धास्ती नव्हती, म्हणूनच त्याच्या कामाचा दर्जा टिकला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सहाच वर्षांनी, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ निघाला. आत्रे महसूल खात्यातले. खेडे त्यांनी दप्तरातून आणि घोड्यावरून पाहिलेले. त्यांना दिसलेले चित्र नेमके उलटे आहे. बलुते वंशपरंपरेने बांधलेले असल्यामुळेच बलुतेदाराला काम चांगले करण्याची गरज उरत नाही, कुणब्याला त्याला बदलता येत नाही, आणि दोघेही एकमेकांच्या नावाने बोटे मोडीत जुन्या खुंट्याला बांधून घेतात, असा त्यांचा रोख आहे. एकाच संस्थेकडे एकजण मंदिर म्हणून पाहतो आणि दुसरा अडगळीची खोली म्हणून.

आत्र्यांचे निरीक्षण अधिक जवळचे आहे यात शंका नाही; कुमारस्वामींच्या ग्रंथात कारागिराच्या घरातील चुलीचा धूर सहसा येत नाही. तथापि मिरजेचे उदाहरण दोघांच्याही चौकटीत बसत नाही. येथे वंशपरंपरागत धंदा बुडाला तेव्हा नवी कला जन्मली; म्हणजे कुमारस्वामींचे स्थैर्य तिला लाभलेले नव्हते. उलट, नवा धंदा एकदा बसल्यावर तोही पुन्हा वंशपरंपरेने चालू लागला आणि तरीही त्याचा दर्जा घसरला नाही. म्हणजे आत्र्यांचे निदानही येथे पुरते लागू पडत नाही. दर्जा टिकविणारी गोष्ट वंशपरंपरा नव्हे आणि चढाओढही नव्हे. ती तिसरीच आहे : वस्तू परत आणून तोंडावर फेकण्याचा अधिकार आणि अक्कल असलेले गिऱ्हाईक. बलुतेदाराच्या गिऱ्हाइकाजवळ अक्कल होती, अधिकार नव्हता. आजच्या प्रदर्शनातील गिऱ्हाइकाजवळ अधिकार आहे, अक्कल असेलच असे नाही. मिरजेच्या कारागिराला दीर्घकाळ ही दोन्ही एकत्र असलेले गिऱ्हाईक मिळाले, कारण त्याचे गिऱ्हाईक गाणारे होते.

आश्रय सुटल्यावर कलेचा धंदा कसा करावयाचा हा प्रश्न याच परिसरात, थोडा आधी, दुसऱ्या एका कलावंतापुढे उभा राहिला होता. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्याही स्वतः घडविल्या होत्या ही गोष्ट नाट्येतिहासात केवळ एक गमतीची तळटीप म्हणून येते. वस्तुतः हा माणूस हाताने काम करणारा होता हे त्यांच्या नाटकाच्या रचनेवरूनही कळून येते. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि आश्रय संपला. तेव्हा मंडळी घेऊन दौऱ्यावर निघणे आणि तिकीट लावून खेळ करणे हा मार्ग भाव्यांनी धरला. १८५३ मध्ये त्यांचे खेळ मुंबईत झाले. एका आश्रयदात्याच्या जागी शेकडो तिकिटे आली. त्याबरोबर परीक्षकही बदलला, आणि मराठी नाटक पुढे ज्या दिशेने गेले त्यात या बदलाचा वाटा थोडा नाही. वाद्य घडविणाऱ्याला असा मार्ग मोकळा नव्हता. त्याची कृती हजार माणसांना एकाच वेळी विकता येत नाही. ती एकाच माणसाच्या मांडीशी जाऊन बसते. परंतु गायनाची विद्या घराण्यांतून बाहेर पडून शाळांत आणि मध्यमवर्गीय घरांत शिरली तेव्हा त्यालाही नवे गिऱ्हाईक लाभले. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकले, १८९६ मध्ये तेथून बाहेर पडले आणि १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्या चळवळीनंतर तंबोरा हे दरबारी उपकरण राहिले नाही. घरातील मुलीच्या शिक्षणाचे ते साधन झाले.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. तंबोऱ्याचा भोपळा हा खाण्याचा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा. तो मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या खोऱ्यातून येतो. वेलावर असताना तो कसा बसला आहे यावर त्याची गोलाई अवलंबून असते. म्हणून वाद्याच्या घडणीचा पहिला निर्णय शेतात घेतला जातो आणि तो शेतकऱ्याच्या हाती असतो. भोपळा महिनोन्‌महिने वाळवावा लागतो, मग कापून, भिजवून, आतून साफ करून, काटक्यांचा ताण देऊन त्याचे तोंड हव्या त्या रुंदीला आणतात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसविलेली किंचित फुगीर पातळ फळी. तिची जाडी मध्यावर आणि कडेला सारखी ठेवून चालत नाही. सांधे सरसाने जोडून, वर कोरीव पाने, नक्षी आणि पट्ट्या बसवून, लाखेची झिलई दिली की वाद्य दिसावयास पूर्ण होते. पूर्वी नक्षीत आणि घोडीत हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनंतर ते बंद झाले. नक्षीला सेल्युलॉइड आणि घोडीला हाड, लाकूड किंवा कृत्रिम द्रव्ये आली. नक्षीच्या बाबतीत या बदलाने फारसे बिघडले नाही. घोडीच्या बाबतीत मात्र प्रत्येक द्रव्याची झीज वेगळी आणि नादही वेगळा, त्यामुळे जुना हात नव्या द्रव्यावर पुन्हा बसवावा लागला.

दिसावयास पूर्ण झालेला हा तंबोरा अद्याप मुकाच असतो. घोडीची पाठ रुंद असते आणि तार तिच्यावरून एका बिंदूवर न टेकता लांबवर, अगदी उतरत्या कलाने स्पर्श करीत जाते. तार आंदोलत असताना हा स्पर्शबिंदू सतत मागे-पुढे सरकतो आणि त्यातून स्वराबरोबर त्याचे उपस्वर झणत्कारून वर येतात. ही पाठ कानशीने आणि बारीक काचकागदाने घासून तिला योग्य कल देणे म्हणजे जवारी काढणे. शेवटी तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून ज्या जागी नाद उमलतो ती जागा शोधावयाची. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या घटनेचा अभ्यास करून एक लक्षणीय गोष्ट नोंदविली. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू पडतो ते उपस्वर नादात उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात. याचे कारण घोडीच्या पाठीची वक्रता आणि तो सुताचा दोरा. म्हणजे ज्याला आपण तंबोऱ्याचा आवाज म्हणतो तो भोपळ्यातून किंवा लाकडातून मुख्यतः येत नाही. भोपळा आणि लाकूड त्याला देह देतात, परंतु त्याचा प्राण दोन-अडीच बोटे रुंदीच्या त्या पृष्ठभागावर, कारागिराने काय उरवले आणि काय घासून टाकले यात असतो.

जवारी खुली ठेवावयाची की बंद, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. खुली जवारी उपस्वरांनी भरलेली, पसरट. बंद जवारी गोल, आवरलेली. पट्टी कोणती, तंबोरा पुरुषाच्या आवाजासाठी की स्त्रीच्या, पहिली तार पंचमाला लावावयाची की मध्यमाला, गाणाऱ्याचा आवाज मुळात टोकदार आहे की भरदार, यावर हा निर्णय अवलंबून असतो. पंचमाची तार, दोन जोडाच्या षड्जाच्या आणि एक खर्जाची. चौघींची जवारी एकमेकींशी जुळावी लागते, आणि खर्जाची तार पितळेची व जाड असल्यामुळे तिचे वागणे निराळेच. या सर्व गोष्टींचा मेळ घालणारा माणूस गाणाऱ्याच्या आवाजाचा अर्थ लावीत असतो. आपण वाङ्मयात ज्याला रसग्रहण म्हणतो त्याहून हे फार दूर नाही. किंबहुना ते अधिक कठीण आहे, कारण येथील रसग्रहण वस्तूत उतरवावे लागते आणि चुकल्यास खोडून पुन्हा लिहिता येत नाही. घासलेले हाड परत भरून येत नाही.

अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले आणि तेथील ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांना मूठमाती मिळाली. ते वाद्यदुरुस्तीत स्वतः निष्णात होते आणि तंबोरे जुळविण्यात त्यांचा कान विलक्षण होता असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. त्यांच्या स्वरलगावाविषयी पुष्कळ लिहिले गेले. हा लगाव ज्या अखंड नादाच्या भूमीवर उभा होता ती भूमी कोणी तयार केली याविषयी मात्र समीक्षेत चकार शब्द नाही. या मौनाचे एक नमुनेदार उदाहरण श्रुतिवादात सापडते. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्यांना साथ दिली आणि १९१३ मध्ये स्वतःचा ग्रंथ काढला. अब्दुल करीम खाँ यांचा गळा या प्रयोगांना प्रमाण म्हणून लाभला. श्रुती दाखविण्यासाठी एक खास पेटी लंडनच्या कारखान्यात तयार करवून घेण्यात आली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वादंग माजले. या वादाचे पक्षकार शास्त्री, गवई आणि अधिकारी. सांगलीहून अवघ्या सहा मैलांवर स्वयंभू गांधार ऐकू येईल असा तंबोरा रोज सिद्ध करणारी माणसे बसली होती; ती या वादात पक्षकार नव्हती. देवलांच्या परिश्रमाला उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. त्या काळच्या विद्वत्तेला श्रुती ही मोजण्याची आणि ग्रंथात पाहण्याची वस्तू वाटे, घडविण्याची वाटत नसे, एवढेच दाखवावयाचे आहे.

विद्वत्तेने ज्याची दखल घेतली नाही त्याची दखल बाजारानेही घेतली नाही, आणि येथे प्रश्न जिव्हाळ्याचा होतो. वाद्याची किंमत ठरविताना दोन गोष्टी सहज मोजता येतात : आकार आणि नक्षी. पट्ट्या किती, कोरीव पाने किती, भोपळ्यावर वेलबुट्टी आहे की साधीच झिलई, हे गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहते आणि त्याप्रमाणे पैसे देते. जवारी दिसत नाही. शिवाय ती कायमची नसते. तारांच्या घर्षणाने घोडीला चरे पडतात आणि काही काळाने ती पुन्हा काढावी लागते. त्यामुळे जे काम सर्वांत अधिक कलेचे, तेच हिशेबात ‘दुरुस्ती’ या सदरात पडते, आणि दुरुस्तीचा दर हा सर्वत्र मजुरीचा दर असतो. नक्षी करणाऱ्याचे काम हलके आहे असे म्हणावयाचे नाही. त्यातही उत्तम आणि सामान्य असा भेद आहेच. परंतु नक्षी वाढली म्हणून तंबोरा अधिक चांगला बोलत नाही, आणि फार जड झालेली नक्षी कित्येकदा त्याच्या मुळावर येते. दिसणाऱ्या कामाला भाव आणि ऐकू येणाऱ्या कामाला मजुरी, हा उलटा व्यवहार गाणारे गिऱ्हाईक असेपर्यंत फारसा बाधत नाही, कारण ते गिऱ्हाईक जवारी पटली नाही तर वाद्य उचलतच नाही. गाणारे गिऱ्हाईक कमी झाले आणि भिंतीला शोभा म्हणून किंवा भेट म्हणून वाद्य घेणारे वाढले, की कारखान्यातील पोरालाही कळते की वेळ कोठे घालवावा.

गिऱ्हाइकाचा कान किंवा हात नाहीसा झाला म्हणजे काय होते हे पाहावयास सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात जावे. म्हसवडच्या बाजूची घोंगडी फार काळापासून नावाजलेली आहे. दख्खनी मेंढीची राठ लोकर, चिंचोक्याची खळ, खड्ड्यातील माग, आणि विणणारे सणगर. ही घोंगडी घेणारा धनगर आणि कुणबी ती नुसती पाहत नसे. तो ती चिमटीत धरून, उलगडून, वास घेऊन, उन्हासमोर धरून घेत असे. पावसात तिच्यातून पाणी किती वेळाने झिरपते आणि रात्री माळावर ती किती ऊब देते हे त्याला अंगाने ठाऊक होते. यंत्रावरची स्वस्त चादर आणि मेणकापड आल्यावर हा परीक्षक दुसरीकडे गेला. घोंगडी आजही विणली जाते, प्रदर्शनांतही जाते. परंतु तेथे तिचा रंग आणि काठ यांची चौकशी होते, ती पाणी किती धरते हे कोणी विचारीत नाही. विणणाऱ्याची आवड बदलल्यामुळे ही स्थिती आली नाही. त्याच्या कामाला नावे ठेवू शकणारा माणूस उरला नाही, हे तिचे कारण आहे. हस्तव्यवसायाच्या ऱ्हासाची मीमांसा करताना आपण यंत्राला दोष देतो. यंत्राने हिरावून घेतली ती विक्री. त्याहून मोठी हानी झाली ती परीक्षकाची.

मिरजेचा परीक्षक अजून आहे, पण त्याची सवय सुटत चालली आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरास विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला. पुढे तो खिशातील दूरध्वनीतही आला. या उपकरणाची कुचेष्टा करणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला पाच फूट लांबीचे नाजूक वाद्य ठेवणे, आगगाडीतून नेणे, पावसाळ्यात सांभाळणे शक्य नसते. त्याच्या रियाजाला या पेटीने आधार दिला आहे. पण तिचा एक परिणाम असा की शिकणारा आता वाद्य जुळवीत नाही. पूर्वी गाण्याच्या शिक्षणाचा आरंभ तंबोरा लावण्याने होई; जवारी बसली की बिघडली हे शिष्याला रागाची ओळख होण्यापूर्वी कळू लागे. म्हणजे वाद्यकाराला लागणारा परीक्षक गायनाचे शिक्षणच घडवून देत असे. मैफलीत तंबोरा आजही मागे उभा असतो. परंतु मैफलीतील दोन तंबोऱ्यांवर एक गल्ली चालत नाही. ती घरोघरच्या तंबोऱ्यांवर चालते.

अशा स्थितीत २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. या नोंदणीने दुसऱ्या गावी बनलेले वाद्य मिरजेचे म्हणून विकण्यास कायद्याचा अडसर झाला, आणि ज्या कारागिरांना आपला माल दूरदेशी पाठवावयाचा आहे त्यांना एक प्रमाणपत्र मिळाले. हा लाभ खरा आहे. परंतु भौगोलिक निर्देशांक हा स्थळाचा गुण मानतो आणि समूहाला हक्क देतो. मिरजेची हवा किंवा पाणी जवारी काढीत नाही. भोपळा भीमेकाठचा, लाकूड बाहेरचे; मिरजेचे असे त्यात काय आहे? तर काही माणसांचे हात आणि कान. त्याच गल्लीतील उत्तम कारागीर आणि बेताचा कारागीर या दोघांच्या वाद्यांवर आता एकच मुद्रा पडेल, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला तिच्यापलीकडचा भेद पाहण्याचे कारण उरणार नाही.

जपानी विचारवंत सोएत्सु यानागी यांनी लोककारागिरीचे सौंदर्य तिच्या अनामिकतेत आहे, असे मोठ्या निष्ठेने मांडले. रोजच्या वापरातील वाडगा घडविणाऱ्याने आपले नाव त्यावर कोरू नये, कारण तो वाडगा त्याच्या अहंकारातून नव्हे तर परंपरेतून आलेला असतो, हा त्यांचा विचार. वाडग्याविषयी तो मान्य करता येईल, घोंगडीविषयीही कदाचित. तंबोऱ्याविषयी तो मान्य करता येत नाही. मिरजेत कारागिराचे नाव सांगून वाद्य घेण्याची पद्धत आहे; गवई अमुक घरचा तंबोरा, अमुक हातची जवारी असे म्हणतात. हे नाव म्हणजे अहंकार नव्हे. ते उत्तरदायित्व आहे, कारण बिघडलेले वाद्य कोणाकडे न्यावयाचे हे त्यावरून ठरते. संगीत नाटक अकादमी वाद्यनिर्मात्यांनाही पुरस्कार देते, ही गोष्ट याच जाणिवेची द्योतक आहे. पण पुरस्कार वर्षातून एखाद्याला मिळतो. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तबलजीचे नाव असते, हार्मोनियमवाल्याचे असते, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांचेही अलीकडे येऊ लागले आहे. तो तंबोरा कोणाच्या हातचा, हे तेथे छापावयास एक ओळ पुरेल. मैफलीची परीक्षणे लिहिणाऱ्यांनीही तंबोरे कसे बोलत होते याविषयी दोन वाक्ये लिहिण्याची प्रथा पाडली, तर वाचकाला ऐकण्याची एक जागा कळेल आणि कारागिराला आपले काम कोणीतरी ऐकले हे कळेल. जवारीचा दर दुरुस्तीच्या सदरातून वेगळा काढून तो वाद्याच्या किमतीत ठळकपणे दाखविण्याची रीत गल्लीतील कारखान्यांनी एकमताने पाडावी, ही सूचना व्यवहारी माणसाला भाबडी वाटेल; परंतु शिंप्याने कापडाचे आणि शिलाईचे पैसे वेगळे सांगावेत त्याहून यात नवे काही नाही.

हे सर्व करावयाचे तर त्याला मुदत आहे, आणि ती शरीरधर्माने घातलेली आहे. जवारीचा गुण नादाच्या वरच्या उपस्वरांत असतो. वयोमानाप्रमाणे माणसाचे ऐकणे मंदावते ते वरच्या टोकाकडूनच प्रथम. हात साठीनंतरही स्थिर राहील, पण कान तोपर्यंत काही गमावून बसलेला असतो. त्यामुळे जाणत्या कारागिराने ही विद्या ज्याला द्यावयाची तो मुलगा त्याच्याजवळ त्याचा कान पुरा असतानाच येऊन बसावा लागतो, आणि घोडीवरचा दोरा सरकवीत नाद केव्हा उमलला हे दोघांनी एकाच वेळी ऐकावे लागते. मुलगा कोणत्या वयात कारखान्यात येतो, की मुळीच येत नाही, हे मात्र त्या घरात जवारीच्या कामाला गेल्या वर्षी काय मिळाले यावर ठरते.